ब्रेक ऑइल: घाटाला कुठलं, ट्रॅकला कुठलं?

(ताज्या भागाचं लिखित रूप. बोलतानाचे ‘अं’, ‘म्हणजे बघा’ आणि मधले चहाचे घोट काढलेत. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

मागच्या भागानंतर एक प्रश्न बऱ्याच जणांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारला. त्याचं सार असं: “दादा, पहिल्यांदा ट्रॅक डेला चाललोय. रेसिंगवालं ब्रेक ऑइल टाकू का? आणि टाकलं तर रोज ऑफिसला जाताना तेच चालेल का?”

उत्तर देतो. पण त्याआधी माझी फजिती ऐका, कारण मी हा विषय शिकलो तो ट्रॅकवर नाही. शिकलो आंबेनळी घाटात, शेजारच्या सीटवर बाबा आणि मागे आई आणि आजी बसलेल्या असताना.

महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरत होतो, पुढे महाडला आत्याकडे जायचं होतं. गाडी सेकंडहँड घेतलेली हॅचबॅक. घेतल्यापासून तिच्यावर मी काय काय केलं होतं ते सांगतो. अलॉय व्हील्स, नवी म्युझिक सिस्टीम, सीट कव्हर, मागच्या काचेवर स्टिकर. ब्रेक ऑइल? ते बदलायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. लेव्हल ‘मॅक्स’च्या जवळ दिसत होती, म्हणजे सगळं ठीक, असा माझा हिशेब.

वाडा कुंभरोशी मागे गेलं, प्रतापगडाचा फाटा गेला. मी निवांत, चौथ्या गिअरमध्ये, प्रत्येक वळणाआधी ब्रेक दाबत, आजीला दरी दाखवत चाललो होतो. एका वळणाला पॅडल दाबलं, तर ते नेहमीपेक्षा दोन बोटं जास्त आत गेलं. पुढच्या वळणाला आणखी आत. तिसऱ्याला पाय जवळजवळ खालच्या मॅटला टेकला आणि गाडी तशीच पुढे. पायाखाली काही नाहीच, अशी भावना. भिजलेल्या स्पंजवर पाय पडावा तशी.

बाबांनी फक्त विचारलं, “काय झालं रे?” मी म्हटलं, “काही नाही.” आवाजावरून त्यांना कळलं असणार.

भराभर पॅडल पंप केलं, थोडी पकड आली. चौथ्यातून तिसरा, तिसऱ्यातून दुसरा टाकला, इंजिन ओरडलं. हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी डोंगराच्या बाजूला घेतली आणि थांबवली. चाकांमधून करपल्यासारखा वास. आजी मागून म्हणाली, “थांबलास ते बरं केलंस, पाय मोकळे होतील.”

आता गंमत बघा. अर्ध्या तासाने गाडीत बसलो, पॅडल दाबलं, तर एकदम कडक! नव्यासारखं. काही झालंच नव्हतं असं. हीच या प्रकारातली सगळ्यात फसवी गोष्ट. गॅरेजमध्ये नेईपर्यंत आजार गायब, आणि मेकॅनिक म्हणतो, “साहेब, ब्रेक तर मस्त आहेत.” उरलेला घाट मी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो आणि मागून हॉर्न वाजवणाऱ्यांना वाजवू दिले.

झालं काय होतं, ते समजून घेऊ.

पहिली गोष्ट नावाची. आपण सगळे ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो, मीही म्हणणार, पण ते ऑइल नाही. आपल्या बहुतेक गाड्यांमध्ये असतं ते ग्लायकॉल जातीचं रसायन. हे सांगायचं कारण म्हणजे कुणी खरंच ऑइल समजून त्यात इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टीअरिंगचं तेल ओतलं, तर आतली रबरी सील फुगतात आणि पूर्ण सिस्टीम उघडून बदलावी लागते. एक चमचाभर चूक, आणि बिल मोठं.

तुम्ही पॅडल किंवा लिव्हर दाबता, मास्टर सिलिंडर त्या द्रवावर दाब टाकतो, तो दाब नळ्यांतून कॅलिपरपर्यंत जातो, पिस्टन पॅडला डिस्कवर दाबतो. हे चालतं कारण द्रव दबत नाही. वाफ मात्र दबते. कॅलिपरमध्ये द्रव उकळला, बुडबुडे झाले, की तुमच्या पायाचा जोर बुडबुडे दाबण्यात जातो आणि पॅडपर्यंत पोचतच नाही. गार झालं की वाफेचं परत द्रव होतं, पॅडल पुन्हा कडक. माझी अर्ध्या तासाची गंमत ती हीच. इंग्रजीत याला व्हेपर लॉक म्हणतात.

आता हे उकळतं कशाने? गरमीने, हे उघड आहे. पण किती गरमीने, हे ठरतं त्यात पाणी किती मुरलंय त्यावर. ग्लायकॉलला पाण्याची प्रचंड ओढ. पावसाळ्यात मिठाची बरणी उघडी राहिली की काय होतं, आठवा. ब्रेक ऑइलही तसंच हवेतली ओल खेचतं. टाकीच्या झाकणातून, रबरी नळ्यांमधून, महिन्यामहिन्याने थोडं थोडं. आणि आपण राहतो कुठे? मुंबई, कोकण, गोवा, चार महिने ज्या हवेत टॉवेल वाळत नाही तिथे. गाडी दारात उभी असली तरी हे चालूच असतं. ‘माझी गाडी चाललीच नाही, फक्त ८,००० किलोमीटर’, हे इथे कामाला येत नाही.

म्हणून बाटलीवर दोन आकडे असतात, आणि लोक चुकीचा वाचतात. ड्राय बॉइलिंग पॉइंट म्हणजे सीलबंद, कोरं ऑइल कितीला उकळतं. वेट बॉइलिंग पॉइंट म्हणजे त्यात साधारण ३.७ टक्के पाणी मुरल्यावर कितीला उकळतं. ‘डॉट’ हे अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या नावाचं लघुरूप, आणि त्यांच्या मानकाने किमान आकडे ठरवून दिलेत. डॉट ३ ला कोरं २०५ अंश, ओलं १४०. डॉट ४ ला कोरं २३०, ओलं १५५. डॉट ५.१ ला कोरं २६०, ओलं १८०. हे किमान. चांगली कंपनी याच्या वर देते, आणि किती वर ते बाटलीवर किंवा वेबसाइटवर छापते. छापत नसेल तर मी ती बाटली घेत नाही.

बघा, कोरं डॉट ४ म्हणजे २३०. तेच न बदलता ठेवलं की १५५ कडे उतरतं. पंचाहत्तर अंश गेले, आणि टाकीत बघून तुम्हाला काही कळणार नाही. लेव्हल तीच. माझ्या गाडीतलं काढलं तेव्हा पारदर्शक नळीतून काळपट चहासारखं आलं होतं, पण नुसत्या रंगावर जाऊ नका, काही वेळा फिकट दिसणारंही ओलं निघतं. पेनासारखा टेस्टर मिळतो, लाल-हिरवे दिवे लागणारा. अंदाजाला ठीक. ऑइल खरोखर उकळवून बघणारा टेस्टर जास्त भरवशाचा, पण तो फार थोड्या गॅरेजमध्ये दिसतो. तारीख लिहून ठेवणं सगळ्यात स्वस्त. मी बॉनेटच्या आतल्या बाजूला मार्करने लिहितो.

आता थोडं गणित, कंटाळू नका, मजा आहे. माझी गाडी माणसं-सामान धरून समजा १,२०० किलो. शंभरच्या वेगातून पूर्ण थांबवली तर ब्रेकमध्ये जाणारी ऊर्जा साधारण ४६० किलोज्यूल. आता महाबळेश्वर ते पोलादपूर, बाराशे मीटर तरी खाली उतरतो आपण. तेवढं वजन तेवढ्या उंचीवरून खाली आणायचं म्हणजे १४,००० किलोज्यूलच्या आसपास. म्हणजे शंभरवरून तीस वेळा गाडी थांबवण्याइतकी ऊर्जा! यातला बराच वाटा टायर खातात, हवा खाते, आणि तुम्ही खालच्या गिअरमध्ये असाल तर इंजिन खातं. मी चौथ्यात होतो. इंजिन जवळजवळ फुकट बसलेलं, सगळी मजुरी ब्रेकवर. न्यूट्रलमध्ये घाट उतरून पेट्रोल वाचवणारे काका-मामा तुमच्याही ओळखीत असतील. त्यांना हा भाग पाठवा. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये, पाय उचलून उतरताना इंजिनला पेट्रोल देणंच बंद करतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जातं. म्हणजे वाचत काहीच नाही.

यावर तोडगा म्हणून मी काय केलं असेल? बरोबर, दुसरं टोक. पुण्याला आल्यावर ऑइल बदललं, नवं डॉट ४, आणि पुढच्या हिवाळ्यात मित्रांच्या नादाने गाडी घेऊन थेट कोइमतूर. करी मोटर स्पीडवे. शहराजवळ चेट्टिपाळयमला आहे, दोन किलोमीटरच्या थोडा वरचा ट्रॅक, वळणं भरपूर. मी म्हटलं, ऑइल नवं आहे, आता काय भीती?

सहाव्या लॅपला पॅडल लांब व्हायला लागलं. तीच ओळखीची भावना. या वेळी मात्र डोकं ठिकाणावर होतं, हात वर करून बाजूला झालो, ब्रेक न वापरता एक लॅप हळू फिरवली आणि आत आलो.

का झालं? तिथे पूर्ण थांबायचं नसतं, पण एका लॅपमध्ये मी तीन ठिकाणी जोरात ब्रेक मारत होतो, समजा १२० वरून ६० वर. एका वेळचे ४३० किलोज्यूल धरा. तीन वेळा, दीड मिनिटात. वीस मिनिटांचं सेशन झालं तर आकडा जातो १७,००० किलोज्यूलच्या वर. म्हणजे अख्ख्या आंबेनळीएवढी, किंबहुना जास्त गरमी, आणि तासाभराऐवजी वीस मिनिटांत. ट्रॅकवर डिस्क पाचशे अंशांच्या वर सहज जाते. तेवढं सगळं ऑइलपर्यंत येत नाही, मध्ये पॅड असतं. पण पॅड झिजून पातळ झालं असेल तर तो पडदाही पातळ. माझे पॅड अर्धे झिजलेले होते, हे नंतर चाक काढल्यावर कळलं. नवं ऑइल आणि जुने पॅड, अर्धीच तयारी.

तिथल्या एका इन्स्ट्रक्टरने दोन गोष्टी सांगितल्या, त्या आजही पाळतो. सेशन संपल्यावर लगेच गाडी उभी करायची नाही. फिरत्या चाकाला हवा लागते. गाडी उभी राहिली की डिस्कमधली गरमी तशीच कॅलिपरमध्ये शिरते आणि ऑइल उभ्या गाडीत उकळू शकतं. आणि पिटमध्ये हँडब्रेक ओढायचा नाही, गाडी गिअरमध्ये ठेवायची, चाकाला ओट लावायची.

शिवाय एक फरक त्याने शिकवला. पॅडल आत जातंय म्हणजे ऑइल उकळलंय, नाहीतर सिस्टीममध्ये हवा आहे, नाहीतर गळती. पॅडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, म्हणजे पॅड तापून पकड सोडतोय. दुसऱ्या आजारावर रेसिंगचं ब्रेक ऑइल ओतून उपयोग नाही. तिथे पॅड बदला. कित्येक जण चुकीच्या दुखण्यावर महागडं औषध घेतात.

तर आता रेसिंगवालं ऑइल. उदाहरण म्हणून मोटुलचं आरबीएफ ६००. कोरं ३१२ अंश, ओलं २०० च्या थोडं वर. कॅस्ट्रॉलचं एसआरएफ आहे, कोरं ३०० च्या पुढे, आणि त्याची खरी ताकद म्हणजे ओला आकडाच २७० च्या आसपास. किंमत ऐकून मात्र खाली बसाल. गंमत म्हणजे आरबीएफ ६०० च्या बाटलीवर ‘डॉट ४’च लिहिलेलं असतं! दुकानात पोरं म्हणतात, “५.१ दे, ४ पेक्षा भारी असणार.” नाही रे बाबा. तो मोबाइलच्या मॉडेलचा नंबर नाही. ५.१ चा मोठा गुण म्हणजे ते पातळ राहतं. एबीएस आणि ईएसपीचे छोटे व्हॉल्व्ह सेकंदाला कितीतरी वेळा उघडझाप करतात, तिथे पातळ द्रव पटकन धावतो. रेसिंगची काही ऑइल्स त्यामानाने दाट असतात. तुमच्या मॅन्युअलमध्ये ‘एलव्ही’, म्हणजे लो व्हिस्कॉसिटी, असं स्पष्ट लिहिलं असेल तर ते दाट रेसिंग ऑइल रोजच्या गाडीत घालू नका. गाडी बनवणाऱ्याने ते उगाच लिहिलेलं नसतं.

आणि डॉट ५, नुसतं पाच, पॉइंट एक नाही, ती वेगळीच जात. सिलिकॉन. हार्ले-डेव्हिडसनच्या जुन्या मोटारसायकलींमध्ये वर्षानुवर्षं असायचं. ते पाणी मुरवून घेत नाही, ऐकायला छान वाटतं, पण मग आत शिरलेलं पाणी थेंबाथेंबाने खालच्या जागी साठतं. तुमच्या गाडीला ते नको. ३, ४ आणि ५.१ एकमेकांत मिसळली तर निदान भांडत नाहीत, ५ यांच्यात कधीच मिसळायचं नाही. दुकानदाराने हातात दिलेल्या बाटलीवरचा तो ‘.१’ नीट बघा.

मग रोज रेसिंग ऑइल का नको? लोक सांगतात तसं ते दोन दिवसांत पाणी होतं, असं काही नाही. ओलं झालेलं आरबीएफसुद्धा ओल्या साध्या डॉट ४ पेक्षा वरच राहतं. मुद्दा पैशाचा आणि स्वभावाचा आहे. ३१२ वरून २०० च्या जवळ येणं म्हणजे शंभरावर अंश गमावणं, आणि तुम्ही पैसे त्या शंभरासाठी मोजले होते. ते पावसाळ्यात उडून गेले, ट्रॅकवर एकदाही न वापरता. वर बाटली महाग म्हणून माणूस पुढच्या वर्षी म्हणतो, “रेसिंगचं आहे, चालेल अजून.” माझ्याच एका मित्राच्या मोटारसायकलमध्ये तीन वर्षांचं रेसिंग ऑइल आहे आणि तो ते अभिमानाने सांगतो. त्यापेक्षा कोपऱ्यावरच्या स्पेअर पार्टच्या दुकानातलं, काही शे रुपयांचं, परवा बदललेलं डॉट ४ घेऊन मी केव्हाही घाटात उतरेन.

मी स्वतः काय करतो ते सांगतो. माझ्या गाडीचं मॅन्युअल डॉट ३ किंवा ४ म्हणतं, ईएसपी नाही. ज्या वर्षी ट्रॅकला जायचं त्या वर्षी, जायच्या आधीच्या आठवड्यात रेसिंगचं डॉट ४ भरून घेतो, सोबत जाड पॅड. ट्रॅकवरून आलो की हवा काढून घेतो, कारण उकळून गेलं असेल तर बुडबुडे राहिलेले असू शकतात. मग वर्षभर तेच. वर्ष म्हणजे वर्ष, चौदा महिने नाही. ज्या वर्षी ट्रॅक नाही त्या वर्षी साधं चांगलं डॉट ४. बऱ्याच कंपन्या दोन वर्षांची मुदत देतात, पण मी पावसाळा संपला, दिवाळीत गावाला जायच्या आधी बदलतो. कारण गावाला जाताना गाडी भरलेली असते आणि मध्ये घाट असतो.

मोटारसायकलवाल्यांनो, तुमचं वेगळं. तुमची टाकी काडेपेटीएवढी, ऑइल थोडं, म्हणून लवकर खराब होतं आणि लवकर तापतं. हँडलवरच्या झाकणावर कुठलं डॉट ते कोरलेलं असतं, आणि बरेचदा हेही, की सीलबंद डब्यातलंच वापरा. ते खरंच पाळा. गॅरेजच्या फळीवर अर्धी उघडी बाटली असते ना, गेल्या गणपतीपासूनची, ती तुमच्या गाडीत जाऊ देऊ नका. “अण्णा, नवीन फोडा, पैसे देतो,” एवढं म्हणा. वाईट कुणाला वाटत नाही. आणि घाट उतरताना उजवा पाय मागच्या ब्रेकवर टेकवून ठेवायची सवय असेल तर मोडा. ताम्हिणी उतरून आल्यावर “मागचा ब्रेकच गेला” म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा पायच तिथे ठेवलेला असतो.

स्वतः बदलणार असाल तर दोन सूचना. रंगावर थेंब पडला तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर रंग उचलतो. मी माझ्या बोनेटवर एक नकाशा काढून ठेवलाय. आणि लेव्हल खाली गेली म्हणून वरून नुसतं भरू नका. पॅड झिजले की लेव्हल आपोआप उतरते. आधी पॅड बघा, मग गळती बघा, मग बाटली उघडा.

गेल्या महिन्यात पुन्हा आंबेनळीतून गेलो. या वेळी बाबांनी गाडीत बसायच्या आधी बॉनेट उघडायला लावलं, चष्मा वर करून मार्करने लिहिलेली तारीख वाचली, आणि मगच दार उघडलं. आजी विचारत होती, मागच्या वेळी थांबलो होतो तिथे आताही थांबणार का, तिथून दरी छान दिसते म्हणून. थांबलो. दुसऱ्या गिअरमध्येच होतो.

पुढच्या भागात पॅडवर बोलू. तुमच्या गाडीच्या टाकीच्या झाकणावर काय लिहिलंय ते बघून कळवा. चला, भेटू.